चोवीस जागा

डिसेंबर. इथे आंदेर्स्तोर्पला साडेतीनलाच अंधार पडतो.
रबराच्या कारखान्याची पाळी सुटली
की माझ्या टपरीत ती माणसं येतात,
बूट आपटून बर्फ झाडतात
आणि पुढच्या वर्षीच्या शर्यतींचा निवाडा करायला बसतात,
जणू पॅरिसमधले साहेब
यांच्याच होकारासाठी खोळंबलेत.

चोवीस शर्यती. जगभरचे ट्रॅक दारात उभे,
आणि पानं फक्त चोवीस.

बेंग्ट-ओवे कागदी बशीवर मोहरीने स्पा काढतो.
चढ आला की बाटली जोरात दाबतो.
"हा चढ काढून टाकला ना,
तर मी टीव्ही कायमचा बंद करीन."
नऊ वर्षं हेच ऐकतेय मी.
यंदा त्याने टीव्ही आणखी मोठा घेतला.

हिल्डिंगला मोनॅको नको.
"ती शर्यत नव्हे,
घाईत निघालेली अंत्ययात्रा आहे."
सिरी-लेना कॉफीचा कप खाली ठेवते.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिने.
"भिंतीपासून वीतभर अंतरावरून
लांबलचक गाडी काढून बघ एकदा,
मागे चाळीस पोरं गात असताना.
मोनॅको राहील."
मोनॅको राहतं.

मोंझा, सुझुका यांच्यावर वाद नाही,
ती नावं नुसती पुटपुटायची.
मग वाळवंटातले नवे ट्रॅक निघतात,
रात्री दिव्यांत न्हालेले,
आणि तिघंही एकदम नाक मुरडतात.
"पैसे ओतले की डांबर कुठेही पसरतं."
"बाजूला गवत नाही, खडी नाही,
चुकलास तरी काही बिघडत नाही."
"बघायला तरी कोण येतं तिथे?"

"मी गेलो असतो," नवार म्हणतो.
तो रात्रपाळीचा, साच्यांवर काम करतो,
अजून सॉसेजवर मोहरी घेत नाही.
"आमच्या कामिश्लीपासून कुठलीच शर्यत जवळ नव्हती.
त्यातल्या त्यात तीच जवळ.
कुंपणाला नाक लावून उभा राहिलो असतो."

बेंग्ट-ओवेने मोहरीचं टोपण लावलं.

नवारला वाटलं, आपण काहीतरी जास्त बोललो.
म्हणून त्याने विषय बदलला, आणि नेमका तिथेच बदलला:
"इथे मागे एक धावपट्टी आहे ना,
तिथेही कधी झाली होती का?"

सहा उन्हाळे, कुणीतरी म्हणालं.
पासष्ट टक्के दलदल, उरलेलं डास.
सरळ पट्टा म्हणजे विमानांची धावपट्टी,
पिट्स एकीकडे, शर्यत सुटायची दुसरीकडे,
लोकांना कळायचंच नाही बघायचं कुठे.
"चढ?" नवारने विचारलं.
चढ नाही.
"मग ती परत यायला हवी का?"

मला वाटलं आता टेबल गाजेल.
हिल्डिंग शेवटच्या वळणावर पिवळा झेंडा घेऊन उभा असायचा,
तो झेंडा अजून त्याच्या गॅरेजमध्ये आहे, मी पाहिलाय.
त्याने बराच वेळ बशीतल्या स्पाकडे बघितलं.
"नको," म्हणाला.
"खरं सांगायचं तर कंटाळवाणी होती."

"होतीच," सिरी-लेना म्हणाली.
"आमच्या कपाटातल्या बशा वाजायच्या तेवढ्या.
आई त्या दिवसांत
चांगल्या बशा पलंगावर काढून ठेवायची, गोधडीत गुंडाळून."

यावर कुणी काही बोललं नाही.
मी तव्यावरची शेवटची दोन सॉसेज
न मागता नवारच्या बशीत टाकली.
यादी बावीसवरच अडकली आज.
उरलेल्या दोन जागा उद्या.

सातला मी शटर ओढते.
हिल्डिंगचं घर डावीकडे, चर्चच्या मागे.
त्याची जुनी व्होल्वो रोज उजवीकडे वळते,
बर्फातल्या त्या लांब सरळ पट्ट्यावर,
आणि तिचे मागचे लाल दिवे लहान लहान होत जातात.
ब्रेक तो फार उशिरा मारतो.
त्र्याहत्तराव्या वर्षी इतका उशीर बरा नव्हे,
असं मी त्याला एकदा सांगणार आहे.